खराखुरा बॉल

औरंगपुऱ्यात कापडाच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझा इंग्रजीचा क्लास आहे. जिना इतका अरुंद, की वरून उतरणारा आणि खालून चढणारा समोरासमोर आले तर एकानं मागं सरावंच लागतं, आणि मी मागं सरत नाही. बावीस वर्षं मी तिथं लोकांना इंग्रजी बोलायला शिकवते. व्याकरण सगळेच शिकवतात, मी वाक्प्रचार शिकवते. शहरात माझं थोडंफार नाव आहे ते त्यामुळंच, आणि हे सांगताना मी लाजत नाही. बँकेच्या मुलाखतीला निघालेली पोरं, लग्न ठरून परदेशी चाललेल्या मुली, पाहुण्यांना लेणी दाखवायला नेणारे टॅक्सीवाले, सगळे माझ्या बाकांवर बसून गेलेत.

माझा पहिला धडा ठरलेला असतो. फळ्यावर लिहिते, ‘पीस ऑफ केक’, आणि अर्थ विचारते. कुणीतरी म्हणतंच, केकचा तुकडा. मग मी विचारते, "म्हणजे उद्या साहेबांनी विचारलं, हे काम जमेल का, आणि तुम्ही सांगितलं केकचा तुकडा, तर ते काय डबा उघडणार? अरे, हातचा मळ! आपल्याकडं मळ, त्यांच्याकडं केक." वर्ग हसतो आणि माझी गाडी सुटते. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे उंबराचं फूल. ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ म्हणजे बिंग फुटलं, मांजर शोधू नका. ‘बाइट द बुलेट’ म्हणजे मन घट्ट केलं, दात सांभाळा. उलटंही शिकवते. भूक लागल्यावर पोटात कावळे ओरडतात, हे इंग्रजाला शब्दशः सांगितलंत तर तो डॉक्टरला फोन करील. शेवटी माझा नियम सांगते. तो मी पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगलाय: शब्दाला शब्द लावाल, तर तोंडावर आपटाल.

हा नियम मी बावीस वर्षांत कुणाला मोडू दिला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी वाळूजच्या एका छोट्या कारखान्याच्या मालकांनी मला बोलावलं. ते बेअरिंग बनवतात. एक आतली रिंग, एक बाहेरची, दोन्हींच्या मधे आठ पोलादी बॉल, ते आपापल्या जागी राहावेत म्हणून पत्र्याचा पिंजरा, मग वंगण आणि दोन्ही बाजूंनी झाकणं. इतकंच. पण त्यांचा माल परदेशी जायला लागला होता, आणि तिकडचे साहेब पत्रांत आणि व्हिडिओ कॉलवर सरळ बोलतच नव्हते. ‘बॉलपार्क फिगर’ पाठवा, असं त्यांनी एकदा लिहिलं. म्हणजे ढोबळ आकडा, अंदाजे किंमत. खरेदी विभागातल्या गृहस्थांनी ते ‘बॉल पार्ट’ असं वाचलं. फिगर म्हणजे आकृती, हे तर शाळेपासून पाठ. त्यांनी बॉलचं ड्रॉइंग मापांसकट पाठवून दिलं. तिकडून उत्तर आलं, ड्रॉइंग सुरेख आहे, पण किंमत कुठाय?

मालक हे सांगताना हसत होते, पण काळजीतही होते. मी म्हटलं, "साहेब, तुमची माणसं हुशार आहेत. त्यांना फक्त कुठं फसायचं नाही ते सांगावं लागेल." आणि दर शनिवारी दुपारी मी स्कूटीवरून वाळूजला जायला लागले. क्लास कॅन्टीनमधे. चौदा जण, समोर स्टीलच्या पेल्यात चहा, हाताला तेलाचा वास.

त्यांत ती होती. तिशी ओलांडलेली, बजाजनगरात राहणारी. नवरा दुसऱ्या कारखान्यात वेल्डर. बेअरिंग जोडायच्या लाइनवर तिला आठ वर्षं झालेली. माहेर फर्दापूरचं. तिचे वडील लेण्यांच्या पायथ्याशी पर्यटकांना रंगीत दगड, स्फटिक विकायचे, आणि ही लहानपणी सुट्टीत त्यांच्या शेजारी बसायची. त्यामुळं तिचं इंग्रजी मोडकं होतं पण भीती अजिबात नव्हती. ‘लुकिंग फ्री, मॅडम’ हे तिनं मला पहिल्याच दिवशी म्हणून दाखवलं, हुबेहूब, दगड पुढं केल्यासारखा हात करून.

ती क्लासला का आली हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या लाइनचे लीडर निवृत्त झाले होते आणि तीन महिने त्यांचं काम तीच बघत होती. त्या कारखान्यात बाई कधी लाइन लीडर झालेली नव्हती. मालकांना तिचं काम मान्य होतं, पण लीडरला कॉलवर बसावं लागतं, तिकडच्या साहेबांशी बोलावं लागतं. "इंग्रजीचं कसं करणार?" एवढंच ते म्हणायचे, आणि जागा रिकामी राहायची. ती मला म्हणाली, "मॅडम, काम येतंय मला. पण तेवढ्या इंग्रजीपायी दुसरा कुणी डोक्यावर बसंल." मी म्हटलं, "बसू देणार नाही." हे माझं जरा जास्तच झालं, पण मी तशीच आहे.

मात्र विद्यार्थिनी म्हणून तिनं माझ्या नाकी नऊ आणले. मी ‘किक द बकेट’ शिकवलं, म्हणजे मरणं, राम म्हणणं. चौदातल्या तेरांनी वहीत उतरवलं. ही पेन टेकवून बसलेली.

"मॅडम, पण कुणीतरी पहिल्यांदा खरीच बादली लाथाडली असंल की. उगं कसं म्हणतील?"

"असेल. आता नाही. आता बादलीचा काही संबंध नाही."

"बादली हाय म्हणून तर बादली म्हणतेत."

"तू अर्थ पाठ कर, बादली मी बघते," असं म्हणून मी तिला गप्प केलं. दर शनिवारी असंच. ‘मांजर’ म्हटलं की तिला पिशवी बघायची असायची. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी घरी येऊन म्हणायची. मनातून मात्र तिची चुणूक आवडायची, पण हे मी तिला कळू दिलं नाही.

मग तक्रार आली. तिकडं गेलेल्या एका खेपेतलं एक बेअरिंग चालताना खरखरत होतं. त्या खेपेचं काम हिच्या लाइनवर झालेलं, हिच्याच देखरेखीखाली. सोमवारी दुपारी कॉल ठरला. मालकांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं, कारण तक्रारीचा कॉल आहे, एकही शब्द निसटायला नको. मीटिंगच्या खोलीत भिंतीवर पडदा, टेबलाशी मालक, मी, आणि कडेच्या खुर्चीवर ती, निळा एप्रन तसाच अंगात. महिनाअखेरीला लीडरचं ठरणार होतं. या खेपेचं खापर तिच्यावर फुटलं तर ठरायचं काही उरणार नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

पडद्यावर तिकडचे इंजिनिअर. साठीचे, शांत. त्यांच्या टेबलावर ते बेअरिंग ठेवलेलं. त्यांनी ते फिरवून आवाज ऐकवला. मग दहा मिनिटं तपासणीबद्दल, विश्वासाबद्दल बोलले, आणि शेवटी म्हणाले, "आय थिंक समवन ऑन युवर लाइन ड्रॉप्ड द बॉल."

माझ्या हातचा मळ. मी लगेच मालकांना सांगितलं, "ते म्हणतायत, तुमच्या लाइनवर कुणाचा तरी हलगर्जीपणा झालाय."

मालकांनी तिच्याकडं बघितलं. ती खुर्चीतून अर्धी उठली होती. तिनं मला हळूच विचारलं, "मॅडम, ते नेमकं काय बोलले? बॉल पडला म्हणले ना?"

"अगं, वाक्प्रचार आहे तो!" माझा आवाज चढला. मालकांसमोर, पडद्यावरच्या त्या पाहुण्यासमोर. "सहा महिने काय शिकवलं मी? शब्दाला शब्द लावू नकोस. खरा बॉल नाही तो!"

"मॅडम," ती म्हणाली, "आमच्याकडं तर खरेच बॉल असतेत."

हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं. त्या लाइनवर ‘बॉल पडला’ ही आरोळी असते. भरताना हातून एखादा बॉल निसटला की बाई ओरडते, सगळ्यांचे हात थांबतात, सगळ्या जणी वाकून जमीन बघतात. पडलेला बॉल परत वापरायचा नाही, लाल डब्यात टाकायचा, आणि तो सापडेपर्यंत लाइन पुढं न्यायची नाही. कारण पडलेला बॉल म्हणजे कुठल्यातरी बेअरिंगमधे आठाऐवजी सात. वर झाकण बसलं की बाहेरून कुणाला काही दिसत नाही. त्यामुळं तिनं ते वाक्य ऐकलं तेव्हा तिला हलगर्जीपणा वगैरे काही ऐकू आलंच नाही. तिला आरोळी ऐकू आली.

तिनं मालकांकडं दहा मिनिटं मागितली. मालक वैतागले. "काय शोधणार आता? खेप जाऊन महिना झाला." ती म्हणाली, "साहेब, हे माप त्या एकाच खेपेला लागलं होतं. त्याच्या आधी मोठं, नंतर बारीक. या मापाचा बॉल खाली सापडला तर तो तिथलाच." आणि परवानगी मिळायच्या आत निघाली. मी पडद्याकडं बघून ‘टेन मिनिट्स, प्लीज’ म्हटलं आणि तिच्या मागं गेले, खरं सांगायचं तर रागानं. माझ्या देखत माझा नियम मोडला जात होता.

लाइनवर तिनं बॉल भरायचं मशीन बंद करवलं. जुन्या स्पीकरचं चुंबक काठीला बांधलेलं एक हत्यार तिथं होतं. ते घेऊन ती जमिनीवर पालथी झाली आणि मशीनच्या खालच्या पत्र्यामागं हात घातला, खांद्यापर्यंत. एका बाईनं मोबाइलचा उजेड धरला. पहिल्यांदा चुंबकाला पत्र्याचा किस आला. दुसऱ्यांदा एक वॉशर. तिथं मला एक गोष्ट लक्षात आली आणि माझा राग जागीच विरला. बॉल सापडला नसता तर तिचा फायदा होता. वाहतुकीत बिघडलं असेल, असं म्हणता आलं असतं. सापडला तर चूक हिच्याच लाइनची ठरणार होती, पुराव्यानिशी. आणि ही स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतः शोधत पालथी पडली होती, घाईघाईनं, कुणी दुसऱ्यानं आधी शोधू नये अशी.

तिसऱ्यांदा काठी बाहेर आली तेव्हा टोकाला धूळ माखलेला एक बॉल होता. तिनं तो एप्रनला पुसला, मापाच्या चकतीत घालून बघितला आणि नुसतं म्हणाली, "हाच हाय." मग उभं राहून, बॉल जिच्यातून खाली येतात ती मशीनची नळी तपासली. तिचं तोंड एका बाजूनं झिजलेलं होतं. तेवढ्या फटीतून एखादा बॉल बाहेर उडू शकत होता.

खोलीत परत आल्यावर मला वाटलं, आता मी बोलेन. तेवढ्यासाठीच मला बोलावलं होतं. पण ती थेट कॅमेऱ्यासमोर गेली, तळहातावर बॉल ठेवून हात पुढं केला आणि म्हणाली, "येस सर. वुई ड्रॉप्ड द बॉल. धिस बॉल."

 पडद्यावरच्या साहेबांनी चष्मा वर केला आणि मान पुढं काढली.

"प्लीज सर, ओपन. काउंट द बॉल्स," ती म्हणाली. तिचा सूर मी ओळखला. गिऱ्हाइकाला दगड हातात घेऊन बघा म्हणणाऱ्या माणसाचा सूर होता तो.

त्यांनी बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला, बेअरिंगचं झाकण उचकटलं, वंगण पुसलं आणि मोठ्यांदा मोजायला लागले. वन, टू, थ्री.  सेव्हन म्हणून ते थांबले. परत मोजले. परत सात.

मग ते हसले. आधी हळू, मग खुर्चीत मागं रेलून. म्हणाले की चाळीस वर्षं ते हे वाक्य लोकांना ऐकवत आलेत, पण बॉल शोधून आणून दाखवणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. ती हसली नाही. तिनं नळीच्या झिजलेल्या तोंडाबद्दल सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं हातांनी. शिवाय म्हणाली की उरलेला माल उघडू नका, एकेका नगाचं नुसतं वजन करा, बॉल कमी असेल तो हलका भरेल. एवढं एक वाक्य मी इंग्रजीत करून दिलं. त्या अख्ख्या कॉलमधे माझं खरं काम तेवढंच.

मला तेव्हा काय वाटलं ते सरळ सांगते. मला लाज वाटली, आणि त्या लाजेच्या वर दुप्पट अभिमान वाटला. मी अर्थ बरोबर सांगितला होता. ‘ड्रॉप द बॉल’ म्हणजे हलगर्जीपणाच, कुठल्याही पुस्तकात बघा. पण तो बरोबर अर्थ घेऊन आम्ही बसलो असतो तर माफीचं एक पत्र गेलं असतं आणि नळी तशीच झिजत राहिली असती. माझ्या पालथ्या घड्यानं मला पाणी पाजलं होतं. पुढच्या शनिवारी, चहाचे पेले यायच्या आधी, मी तेरा जणांसमोर उभी राहून तिला म्हटलं, "मी तुझ्यावर चारचौघांत ओरडले, म्हणून चारचौघांतच सांगते, माझं चुकलं." ती इतकी लाजली की एप्रनचा बंद सोडून पुन्हा बांधत बसली. "राहू द्या हो मॅडम. तुम्ही शिकवलं म्हणून तर ऐकू आलं मला ते." भिंतीवरचा पुठ्ठा मी काढला नाही. नियम चांगला आहे. फक्त आता तो शिकवताना मी तिची गोष्ट सांगते, आणि सांगताना माझी मान ताठ असते.

महिनाअखेरीला तिला लाइन लीडरची जागा मिळाली. त्या कारखान्यातली पहिली बाई. सगळे मला विचारतात, इंग्रजी बोलली म्हणून ना? मी म्हणते, हो, आणि पुढं सांगत नाही. पण खरी गोष्ट त्या कॉलनंतर दोन दिवसांनी घडली.

मालकांनी कॉल संपल्यावर तिला विचारलं होतं, "त्या दिवशी बॉल भरायला कोण होतं?" ती म्हणाली, "लाइन माझी होती साहेब." मालक म्हणाले, "मी लाइन विचारत नाही, माणूस विचारतोय. रिपोर्टमधे लिहावं लागतं." तिनं नाव दिलं नाही, रिपोर्ट स्वतः लिहायला घेतला. बॉल भरायला तिथली सगळ्यांत जुनी बाई होती, पन्नाशी ओलांडलेली, चष्म्याचा नंबर वाढलेली. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. नजर कमी झाल्याचं ती घाबरून कुणाला सांगत नव्हती. बॉल उडाला तो नळीमुळं, पण आरोळी गेली नाही ती तिच्यामुळं. हे लाइनवर सगळ्यांना माहीत होतं. आता ती बाई वंगणाच्या कामावर आहे, तिथं बारीक बघावं लागत नाही. ती बदली हिनंच दुसऱ्या दिवशी केली होती, कुणाला न सांगता.

रिपोर्ट इंग्रजीत द्यायचा होता. तो तपासून घ्यायला ती बुधवारी संध्याकाळी औरंगपुऱ्यात क्लासवर आली, शिफ्ट संपवून, रिक्षानं. एकच कागद होता. काय घडलं, कधी घडलं, कारण काय, उपाय काय. स्पेलिंग मोडकी होती, वाक्यं मोडकी होती, आणि एकही ओळ खोटी नव्हती. मी लाल पेन घेऊन बसले आणि नेहमीप्रमाणे सपासप दुरुस्त करत गेले. शेवटचा रकाना होता, जबाबदार व्यक्ती कोण. तिथं तिनं एकच अक्षर लिहिलं होतं. आय. मी.

मी वर बघितलं. ती समोरच्या भिंतीवरचा पुठ्ठा वाचत होती, किंवा वाचल्यासारखं करत होती.

"विचार केलास?" मी म्हटलं. "जागा जाईल."

"व्हय," ती म्हणाली. "अक्षर बरोबर हाय का तेवढं बघा."

अक्षर बरोबर नव्हतं. इंग्रजीत ‘मी’ एका अक्षराचा असतो, आणि तो कुठंही आला तरी मोठाच लिहायचा असतो. तिनं छोटा लिहिला होता, वर टिंब देऊन. मी लाल पेनानं तो मोठा केला आणि कागद तिच्या हातात दिला.